कार्डिनल जॉर्ज मंडेलाइन : भाषाबंदीच्या काळातील एक मेंढपाळ

ऑक्टोबर महिन्याची २ तारीख आपल्या देशात गांधी जयंती म्हणून पाळली जाते. १९३९ साली याच दिवशी अमेरिकेतील शिकागो महाधर्मप्रांताचे आर्चबिशप कार्डिनल जॉर्ज विल्यम मंडेलाइन ख्रिस्तवासी झाले. दुसरे महायुद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक महिना लोटला होता. शिकागोची १९२६ ची आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषद भरविणारे कार्डिनल, हिटलरला भर सभेत फटकारणारे कार्डिनल अशी ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्यांची ओळख आहे व ती रास्तच आहे. आम्ही मात्र येथे त्यांच्या जीवनाकडे निराळ्या बाजूने पाहणार आहोत. मंडेलाइन हे जर्मन वंशाचे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन भाषा बोलणे, शिकविणे, छापणे, इतकेच नव्हे तर त्या भाषेतून प्रार्थना करणेही संशयास्पद ठरले. त्याच काळात नाना भाषा बोलणाऱ्या लाखो भाविकांचे मेंढपाळपण या धर्मगुरूंकडे आले. त्यांनी काय केले आणि काय केले नाही, हे दोन्ही समजून घेण्याजोगे आहे.

मंडेलाइन यांचा जन्म २ जुलै १८७२ रोजी न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीच्या भागात झाला. त्या भागात जर्मन स्थलांतरित इतक्या मोठ्या संख्येने राहत की त्यातील एका वस्तीला छोटी जर्मनी असेच नाव पडले होते. कुटुंब श्रीमंत नव्हते. मॅनहॅटन कॉलेजातून १८८९ मध्ये पदवी घेतल्यावर ते पेनसिल्व्हेनियातील सेंट व्हिन्सेंट सेमिनरीत दाखल झाले. ही सेमिनरी बव्हेरियातून आलेल्या बेनेडिक्टाइन संन्याशांनी १८४६ मध्ये स्थापन केली होती व तेथील वातावरणात जर्मन धर्मपरंपरा मुरलेली होती. पुढील शिक्षणासाठी त्यांना रोमला पाठविण्यात आले आणि ८ जून १८९५ रोजी तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. ब्रुकलिन धर्मप्रांतात परतल्यावर बिशपांचे सचिव, मग चॅन्सलर आणि १९०९ मध्ये साहाय्यक बिशप अशा पायऱ्या त्यांनी झपाट्याने चढल्या. कागदपत्रे, हिशेब आणि बांधकाम यांत ते वाकबगार होते. पुढे शिकागोत दिसून आलेली त्यांची शिस्त व हुकमत यांचे मूळ ब्रुकलिनच्या या वर्षांत आहे.

येथे थोडे थांबून त्या काळच्या जर्मन कॅथोलिकांची स्थिती समजून घेतली पाहिजे. त्याशिवाय पुढील हकीकतीचे मर्म कळणार नाही. त्या काळी मिस्साबलिदान लॅटिन भाषेतच होत असे. आपल्या वडीलधाऱ्यांनाही आपल्या मंदिरांतील लॅटिन मिस्सा आठवत असेल. मग मातृभाषेचे स्थान कोठे होते? ते होते प्रवचनात, गीतांत, रोझरीत, धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि सर्वांत जवळचे म्हणजे प्रायश्चित्त संस्काराच्या कोठडीत. परक्या देशात दिवसभर मोडक्यातोडक्या इंग्रजीत पोट भरणाऱ्या माणसाला आपले पाप कबूल करताना तरी मोडकी भाषा नको असते. मरणोन्मुख आजीला शेवटचे शब्द तिच्या बोलीतून ऐकायचे असतात. म्हणूनच जर्मन स्थलांतरितांनी जेथे वस्ती केली तेथे प्रथम जर्मन धर्मग्राम उभारला, त्याला लागून शाळा बांधली आणि शाळेसाठी जर्मन भाषा जाणणाऱ्या सिस्टर्स आणल्या. भाषा टिकली तर श्रद्धा टिकेल, भाषा गेली तर पोरे प्रॉटेस्टंट होतील किंवा काहीच उरणार नाहीत, अशी त्यांची पक्की धारणा होती. १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाला शाळा असावी असा नियम केला, तेव्हा जर्मन धर्मग्रामांना नवे काही करावे लागले नाही.

ही धारणा सर्वांना मान्य नव्हती. अमेरिकेतील बहुसंख्य बिशप आयरिश वंशाचे होते. आयर्लंडहून येतानाच इंग्रजी बोलत आलेल्या या मंडळींना जर्मनांचा भाषाग्रह कळत नसे. स्थलांतरितांसाठी काम करणारे जर्मन गृहस्थ पीटर पॉल काहेन्सली यांच्या संघटनेने १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांच्याकडे निवेदन दिले. प्रत्येक भाषिक गटाला आपले धर्मगुरू, आपल्या शाळा आणि बिशपांमध्ये आपले प्रतिनिधी मिळावेत अशी त्यात मागणी होती. त्यावरून अमेरिकन ख्रिस्तसभेत मोठे वादळ उठले. त्याआधी १८८९ मध्येच इलिनॉय व विस्कॉन्सिन या दोन राज्यांनी कायदे करून खाजगी शाळांतही मुख्य विषय इंग्रजीतून शिकविण्याची सक्ती केली होती. तेव्हा जर्मन कॅथोलिक आणि जर्मन लुथरन हे जुने प्रतिस्पर्धी हातात हात घालून मतदानाला उतरले. विस्कॉन्सिनचा कायदा १८९१ मध्ये व इलिनॉयचा १८९३ मध्ये रद्द झाला. मतपेटीतून मिळालेला तो विजय होता आणि जर्मनांना तो कायमचा वाटला. पंचवीस वर्षांनी त्याची किंमत किती अल्प होती हे त्यांना कळून चुकले.

मंडेलाइन यांच्या वाटचालीत युद्धाने फार लवकर हात घातला. युरोपात १९१४ मध्ये रणधुमाळी सुरू झाली आणि ती चालू असतानाच बफेलो धर्मप्रांताचे बिशपपद त्यांना मिळणार होते. बफेलो हे कॅनडाच्या सीमेवरील शहर. कॅनडा ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून युद्धात उतरलेला. सीमेलगत जर्मन नावाचा बिशप नको, असा ब्रिटिशांचा आक्षेप रोमपर्यंत पोहोचला, असे इतिहासकार सांगतात. बफेलोला दुसरे बिशप गेले आणि मंडेलाइन यांना १९१५ च्या अखेरीस शिकागो मिळाले. नावामुळे एक लहान धर्मप्रांत हुकला व अमेरिकेतील सर्वांत मोठ्या महाधर्मप्रांतांपैकी एक हाती आला! ९ फेब्रुवारी १९१६ रोजी त्यांनी पदभार स्वीकारला. त्यांच्या स्वागतार्थ लगेचच भरविलेल्या मेजवानीत एका अराजकवादी आचाऱ्याने सुपात विष कालवले. शंभरावर पाहुणे आजारी पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही आणि नव्या आर्चबिशपांना काहीच झाले नाही. वृत्तपत्रांनी ती बातमी चवीने छापली.

शिकागो महाधर्मप्रांतात तेव्हा दहा लाखांहून अधिक कॅथोलिक होते. १९१० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २२ लाख भरली आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ८० हजार लोक जर्मनीत जन्मलेले होते. अमेरिकेत जन्मलेली त्यांची मुले-नातवंडे धरली तर हा आकडा कितीतरी वाढतो. पोलिश लोकांची वस्ती त्याहून वेगाने वाढत होती. एकाच रस्त्यावर जर्मनांचे, पोलिशांचे आणि आयरिशांचे अशी तीन कॅथोलिक मंदिरे हाकेच्या अंतरावर उभी असत आणि एका मंदिरातील माणसे दुसऱ्याची पायरी चढत नसत. नव्या आर्चबिशपांना हे मानवले नाही. त्याच वर्षी, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी महाधर्मप्रांतातील सर्व शाळांसाठी एक मंडळ नेमले, एकसारखी पाठ्यपुस्तके ठरविली आणि सर्व मुख्य विषय इंग्रजीतूनच शिकविले जातील असा आदेश काढला. धर्मशिक्षण आणि मातृभाषेचे वाचन मात्र त्या त्या भाषेत चालू ठेवण्यास त्यांनी मुभा दिली. नवे भाषिक धर्मग्राम स्थापन करण्याबाबतही त्यांनी हात आखडता घेतला. १९१७ मध्ये घोषित झालेल्या नव्या धर्मविधिसंहितेने भाषेच्या आधारावर धर्मग्राम स्थापण्यासाठी रोमची खास परवानगी आवश्यक केली. त्यामुळे त्यांच्या धोरणास आणखी बळ मिळाले.

त्यांचे हे धोरण जर्मनद्वेषातून आले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्यांचे स्वतःचे घराणे जर्मन, ज्यांची सेमिनरी जर्मनांनी उभारलेली, त्यांनी तो आदेश काढला. या मुलांना पुढे अमेरिकेतच जगायचे आहे, वकिली, डॉक्टरकी, राजकारण येथेच करायचे आहे. कॅथोलिक माणूस म्हणजे परका माणूस हा समज मोडला पाहिजे, असा त्यांचा विचार होता. पण प्रश्न असा की पालकांना विचारले कोणी? जर्मन धर्मग्रामांनी फारशी कुरकुर न करता आदेश स्वीकारला, कारण त्यांच्या तिसऱ्या पिढीची जीभ आधीच इंग्रजीकडे वळली होती. पोलिश धर्मगुरूंनी मात्र कडाडून विरोध केला. १९२० मध्ये ही तक्रार पोलंडच्या राजनैतिक प्रतिनिधींमार्फत थेट व्हॅटिकनपर्यंत गेली. अमेरिकन बिशपांनी ती फेटाळून लावली आणि मंडेलाइन जागचे हलले नाहीत.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि भाषेचा प्रश्न एका रात्रीत शाळेच्या वर्गातून रस्त्यावर आला. त्या दीड वर्षात जे घडले ते आज वाचताना अविश्वसनीय वाटते. नागरिकत्व न घेतलेल्या जर्मन पुरुषांना शत्रुदेशीय परके म्हणून नोंदणी करावी लागली. १४ वर्षांवरील प्रत्येकाने छायाचित्र द्यायचे, बोटांचे ठसे द्यायचे, लष्करी ठिकाणांच्या जवळ फिरकायचे नाही आणि परवानगीवाचून घर बदलायचे नाही. १९१८ च्या उन्हाळ्यात स्त्रियांनाही हा नियम लागू झाला. अमेरिकेत जन्मून जर्मन नागरिकाशी लग्न केलेली स्त्रीही कायद्याने जर्मन ठरली. ज्या सिस्टर्सनी आयुष्यभर अमेरिकन मुलांना अक्षरे गिरवायला शिकविली, त्यांच्यापैकी नागरिकत्व न घेतलेल्या वृद्ध जर्मन भगिनींनीही शाईत बोटे बुडवून ठसे दिले. ऑक्टोबर १९१७ च्या कायद्याने जर्मन वृत्तपत्रांवर आणखी एक ओझे टाकले. युद्ध किंवा सरकार यांविषयी काहीही छापायचे तर त्याचे इंग्रजी भाषांतर पोस्टमास्तरांकडे आगाऊ दाखल करायचे. १९१० मध्ये अमेरिकेत साडेपाचशेच्या आसपास जर्मन नियतकालिके निघत होती. १९२० पर्यंत त्यांपैकी निम्मीदेखील उरली नाहीत.

शिकागोत सरकारी प्राथमिक शाळांतून जर्मनचे पाठ काढून टाकण्यात आले. शब्दलेखनाच्या पुस्तकात कैसरच्या बालपणाविषयीचा एक उतारा होता, ते पान फाडण्यात आले. बिस्मार्कचे नाव असलेल्या शाळेला अमेरिकन सेनापतीचे नाव मिळाले. जर्मन हॉस्पिटलचे ग्रँट हॉस्पिटल झाले. शहराच्या नामांकित वाद्यवृंदाचे संचालक फ्रेडरिक स्टॉक हे दोन दशकांहून अधिक काळ शिकागोत राहत होते, पण नागरिकत्वाचे कागद पुरे केले नव्हते. त्यांना १९१८ मध्ये काही महिने व्यासपीठापासून दूर राहावे लागले. त्याच इलिनॉय राज्याच्या दक्षिण भागात, कॉलिन्सव्हिल या खाणकामगारांच्या गावी, ५ एप्रिल १९१८ रोजी रॉबर्ट प्रेगर नावाच्या जर्मन मजुराला जमावाने झाडाला टांगून ठार मारले. मरण्यापूर्वी त्याला आईवडिलांना पत्र लिहू देण्यात आले. ते त्याने जर्मनमध्ये लिहिले. अकरा जणांवर खटला चालला आणि सर्व निर्दोष सुटले.

शेजारच्या आयोवा राज्याने तर कळस केला. तेथील गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी २३ मे १९१८ रोजी एक घोषणा जारी केली. त्यानुसार शाळांत, सार्वजनिक भाषणांत, आगगाडीत, दूरध्वनीवर आणि चारचौघांतील संभाषणात इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा वापरण्यास मनाई झाली. उपासनाही इंग्रजीतच, ज्यांना इंग्रजी कळत नसेल त्यांनी आपली उपासना घरात करावी. बायबलमधील बाबेलच्या बुरुजावरून लोकांनी या घोषणेला बाबेलची घोषणा असे नाव दिले. दूरध्वनीवर जर्मनमधून बोलल्याबद्दल चार स्त्रियांना दंड भरावा लागला. ज्या गावात बरेच श्रद्धावंत इंग्रजी प्रवचन समजू शकत नव्हते, तेथे धर्मगुरूंनी रविवारी काय करायचे? कॅथोलिक मंदिरांत निदान लॅटिन मिस्सा चालू राहिली. लॅटिन ही शत्रूची भाषा नव्हती. प्रवचन मात्र ओठांतच राहिले. लुथरन बांधवांची स्थिती आणखी बिकट झाली, कारण त्यांची सर्व उपासनाच मातृभाषेत होती.

याच सुमारास आपल्या मुंबई इलाख्यातही जर्मन धर्मगुरूंवर असाच प्रसंग ओढवला होता. मुंबई-पुणे मिशनचा भार जर्मन जेजुइट धर्मगुरूंवर होता. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज त्यांचेच. १९१४ नंतर ब्रिटिश सरकारने त्यांपैकी पुष्कळांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत डांबले व पुढे जहाजाने मायदेशी पाठविले. ज्या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत त्यांचे बंधू मराठी शिकून मराठीतून सुवार्ता सांगत हिंडले, त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी तारांच्या कुंपणाआड त्यांचे दिवस गेले. मुंबईचे आर्चबिशप हर्मन युर्गेन्स यांचे १९१६ मध्ये निधन झाले. पुण्याचे बिशप हाइनरिक डोरिंग युद्ध सुरू झाले तेव्हा युरोपात होते. त्यांना परत येऊ देण्यात आले नाही. १९२१ मध्ये त्यांना जपानमधील हिरोशिमाला पाठविण्यात आले आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला येऊ शकले. त्यांचे पुण्यातील कळप तेरा वर्षे आपल्या मेंढपाळाला पारखे झाले होते. मंडेलाइन अमेरिकन नागरिक म्हणून जन्मले होते, एवढाच काय तो फरक.

मंडेलाइन यांनी या काळात काय केले? त्यांनी महाधर्मप्रांताला पूर्णपणे राष्ट्राच्या बाजूने उभे केले. युद्धकर्जाच्या लिबर्टी लोन रोख्यांचा त्यांनी जाहीर पुरस्कार केला आणि युद्धकार्यात कॅथोलिक मंडळी कोठेही मागे राहू नयेत याकडे लक्ष दिले. ज्या आर्चबिशपांच्या आडनावावरच संशय घेतला गेला असता, त्यांच्या निष्ठेविषयी शंका घ्यायला जागाच उरली नाही. शाळांविषयीचा १९१६ चा आदेश आता दूरदृष्टीचा ठरला. १९१९ मध्ये इलिनॉय राज्याने खाजगी प्राथमिक शाळांवरही इंग्रजीची सक्ती केली, तेव्हा शिकागोच्या कॅथोलिक शाळांना फारसे काही बदलावे लागले नाही. सरकारने दंडुका उगारण्यापूर्वीच आर्चबिशपांनी घर आवरून ठेवले होते.

आमच्या मते येथेच त्यांच्या कार्याचे मूल्यमापन अवघड होते. एक गोष्ट उघड आहे की त्यांनी आपल्या कळपाचे रक्षण केले. शाळा चालू राहिल्या, मंदिरे चालू राहिली, सिस्टर्स वर्गात राहिल्या. पण ज्या हक्काचे रक्षण व्हायला हवे होते तो हक्क त्यांनी मागितलाच नाही. तो मागितला दुसऱ्यांनीच, आणि तेही एका लहानशा गावातील लुथरन शाळामास्तरांनी.

नेब्रास्का राज्याने एप्रिल १९१९ मध्ये कायदा करून आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी कोणत्याही मुलाला इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकविण्यास बंदी घातली. युद्ध तर संपले होते, पण राग संपला नव्हता. हॅम्प्टन या गावी रॉबर्ट मेयर हे शिक्षक दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन बायबलकथांचे पुस्तक वाचून घेत असताना २५ मे १९२० रोजी सरकारी वकील वर्गात आले. मेयर यांना थांबता आले असते. ते थांबले नाहीत. त्यांना २५ डॉलर दंड झाला. तो न भरता ते वरच्या न्यायालयात गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली ती आर्थर मलन या आयरिश वंशाच्या कॅथोलिक वकिलांनी. ४ जून १९२३ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द ठरविला. आपल्या मुलाने काय शिकावे हे ठरविण्याचा आईवडिलांचा अधिकार घटनेने संरक्षित आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

या निकालाचे फळ कॅथोलिकांना दोनच वर्षांत मिळाले. ऑरेगॉन राज्यात १९२२ मध्ये जनमताने असा कायदा झाला होता की सर्व मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. कॅथोलिक शाळा बंद पाडण्याचा तो सरळ डाव होता. येशू व मरिया यांच्या पवित्र नावांच्या भगिनींचा संघ न्यायालयात गेला आणि मेयर खटल्याच्या निकालाचा आधार घेऊन १ जून १९२५ रोजी त्यांनी तो कायदा मोडून काढला. पोप अकरावे पायस यांनी १९२९ च्या आपल्या शिक्षणविषयक परिपत्रात या निकालाचा आवर्जून उल्लेख केला. शिकागोतील मंडेलाइन यांच्या शेकडो शाळाही त्यानंतर निर्धास्त झाल्या. एका लुथरन मास्तरांनी जर्मन वाचनासाठी दंड पत्करला नसता तर हे इतक्या सहज घडले असते काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरीही एक उणीव सांगितली पाहिजे. सर्व भाषिकांना एकत्र आणू पाहणाऱ्या या आर्चबिशपांनी १९१७ मध्ये शिकागोतील सेंट मोनिका हे धर्मग्राम केवळ कृष्णवर्णीय कॅथोलिकांसाठी राखून ठेवले व त्याचा कारभार जर्मनभाषक मंडळींनी स्थापन केलेल्या दिव्य शब्द संघाकडे सोपविला. मिशनऱ्यांनी तेथे मनापासून सेवा केली. परंतु जर्मन व पोलिश यांच्यामधील भिंत पाडायची आणि काळ्या-गोऱ्यांमधील भिंत तशीच ठेवायची, ही विसंगती त्या वेळच्या अनेक कृष्णवर्णीय भाविकांनाही बोचली होती.

युद्धानंतरची वर्षे त्यांच्या वैभवाची होत. शिकागोच्या उत्तरेला तळ्याकाठी त्यांनी सेंट मेरी ऑफ द लेक ही भव्य सेमिनरी उभारली. तेथे १९२१ मध्ये वर्ग सुरू झाले. तिची घडण पाहण्यासारखी आहे. लाल विटांच्या इमारती अमेरिकन वसाहतकाळाच्या शैलीत आहेत. मुख्य चॅपेलचे बाह्यरूप न्यू इंग्लंडमधील एका प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरावरून घेतलेले आहे आणि आर्चबिशपांचे तेथील निवासस्थान जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराच्या नमुन्यावर बांधलेले आहे! आम्ही अमेरिकनच आहोत, हे त्यांनी विटामातीतून सांगितले. २४ मार्च १९२४ रोजी पोप अकरावे पायस यांनी त्यांना कार्डिनल केले. सेमिनरीलगतच्या गावाने पुढे त्यांचेच नाव घेतले. ज्या देशात काही वर्षांपूर्वी जर्मन नावे पाट्यांवरून खरडून काढली जात होती, तेथे एका गावाला हे जर्मन नाव मिळाले.

जून १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषद शिकागोत भरली. मुलांच्या दिवशी कॅथोलिक शाळांतील ६२ हजार मुलामुलींनी एका सुरात लॅटिन मिस्सा गायिली. त्यांत जर्मन, पोलिश, इटालियन, आयरिश सर्वांची लेकरे होती. भाषावार सभाही त्या परिषदेत झाल्या. आठ वर्षांपूर्वी ज्या जर्मन भाषेत रस्त्यावर बोलणे धोक्याचे होते, तीच भाषा आता उत्सवाच्या दिवशी पाहुण्यांची भाषा म्हणून परत आली. घरोघरची बोली म्हणून मात्र ती परतली नाही. जर्मन धर्मग्रामांत प्रवचने हळूहळू इंग्रजीकडे वळली. म्हातारी माणसे गेली तशी जर्मन रोझरीही गेली.

कार्डिनल मंडेलाइन पुन्हा एकदा आपल्या पूर्वजांच्या देशाकडे वळले ते १९३७ मध्ये. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात पोप अकरावे पायस यांनी नाझी राजवटीविरुद्ध परिपत्र काढले आणि नेहमीच्या लॅटिनऐवजी ते मुद्दाम जर्मनमध्ये लिहिले, जेणेकरून झावळ्यांच्या रविवारी जर्मनीतील प्रत्येक मंदिरात ते थेट लोकांपर्यंत पोहोचावे. नाझींनी सूड म्हणून धर्मगुरू व व्रतस्थांवर अनैतिकतेचे खटले भरण्याचा सपाटा लावला. १८ मे १९३७ रोजी शिकागोच्या क्विगली सेमिनरीत सुमारे पाचशे धर्मगुरूंपुढे बोलताना मंडेलाइन यांनी उघड विचारणा केली की सहा कोटींचे बुद्धिमान राष्ट्र भिंतीला कागद चिकटविणाऱ्या एका परक्या ऑस्ट्रियन माणसापुढे कसे वाकले. आणि हे कामही त्याला नीट जमत नव्हते, अशी कोपरखळी त्यांनी मारली. जर्मनीत संतापाची लाट उसळली. गोबेल्स यांनी बर्लिनच्या जाहीर सभेत उत्तर दिले. जर्मन सरकारने व्हॅटिकनकडे निषेध नोंदविला, पण पोप महाशयांनी आपल्या कार्डिनलांना दूर सारले नाही. युद्धकाळात जर्मनांना परके म्हणून हिणवलेले ज्यांनी पाहिले होते, त्यांनीच परका हा शब्द शस्त्रासारखा वापरावा, हे थोडे खटकते खरे. तथापि पूर्वजांच्या भूमीवर प्रेम करणारा माणूस तिच्या जुलमी सत्ताधीशावर सर्वांत कठोर बोलू शकतो, हेही त्यातून दिसते. त्या दिवशी अमेरिकेतील कोणालाही त्यांच्या आडनावाविषयी शंका आली नाही.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशी त्यांचा स्नेह होता. ५ ऑक्टोबर १९३७ रोजी शिकागोत आक्रमक राष्ट्रांविरुद्ध गाजलेले भाषण केल्यावर रूझवेल्ट त्यांच्या निवासस्थानी भेटीस गेले होते. २ ऑक्टोबर १९३९ च्या पहाटे झोपेतच कार्डिनलांचे हृदय थांबले. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचे साहाय्यक बिशप बर्नार्ड शील यांनी आकाशवाणीवरून तटस्थतेच्या कायद्यात बदल करण्याच्या बाजूने भाषण केले. त्यात कार्डिनलांचीही भूमिका मांडलेली होती. त्यांचे पार्थिव सेमिनरीच्या मुख्य चॅपेलमध्ये ठेवण्यात आले. त्यांच्या जागी मिल्वॉकीचे आर्चबिशप सॅम्युएल स्ट्रिच यांची नेमणूक झाली. मिल्वॉकी म्हणजे एकेकाळी अमेरिकेतील जर्मनांचे अथेन्स मानले गेलेले शहर. तेथून आलेले हे नवे आर्चबिशप आयरिश वंशाचे होते.